खर्जातला सूर

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांची होते, आणि या वयात माणूस बसस्टॉपवर प्रेमात पडत नाही अशी माझी समजूत होती.

वॉटफर्डला भुरभुर पाऊस चालू होता. शेल्टरमध्ये कुणी नाही असं समजून मी ‘ॲम्बरटोन्स’चं गाणं गुणगुणत होते. चर्चमध्ये गात वाढलेले ते चार अमेरिकन तरुण. मी नवी डॉक्टर म्हणून इंग्लंडला आले, त्या वर्षी त्यांना इथे ऐकलं होतं. एकसारखे निळे सूट, एकदम वळणारे चार खांदे... दुसऱ्या ओळीला माझ्या सुराखाली एक खोल सूर अलगद येऊन उभा राहिला. बाकाच्या टोकाला एक गृहस्थ बसले होते, मांडीवर ओली छत्री.

“अगंबाई,” मी म्हणाले.

“मराठी? मग तर थांबूच नका. मी श्रीनिवास, हाउन्सलोचा. बस गेली तरी चालेल.”

मी वैजयंती, निवृत्त भूलतज्ज्ञ, असं सांगितल्यावर त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. “तरीच...”

मी त्यांना आमच्या सीनियर्स क्वायरमध्ये, म्हाताऱ्यांच्या गायनवृंदात, ओढलं. ॲम्बरटोन्समधले तिघं आता या जगात नव्हते. उरलेला म्हातारा त्या वर्षी गाणं सोडणार होता, म्हणून आम्ही टाऊन हॉलमध्ये त्यांच्या गाण्यांचा दुपारचा कार्यक्रम ठरवला होता. बसस्टॉपवरच्या त्या गाण्याच्या मध्ये वाद्यं थांबतात आणि खर्जातला गायक नुसता बोलतो. मूळ गायक म्हणे दर वेळी मनात येईल ते बोलायचा. तालमीत श्रीनिवासराव तेवढी जागा मोकळी सोडायचे.

“बोलणार काय तुम्ही?” मी विचारायची.

“त्या दिवशी सुचेल ते.”

पण ऑगस्टमध्ये त्यांचा आवाज बसला. ते ‘हे-फीव्हर’, परागकणांची ॲलर्जी, म्हणत राहिले. मला ते पटेना. मीच त्यांना तपासायला पाठवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात. गाठ कसली हे नंतर कळणार, आणि आवाज परत येईलच असं सर्जन सांगत नव्हता. त्यानंतर ते खोकले की मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायची. फोन उशिरा उचलला तरी... मी काहीबाही समजून बसायची.

कार्यक्रमाच्या दिवशी ती जागा आली. वाद्यं थांबली. श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. गेला, मला वाटलं. आत्ताच गेला. समोर माझी लेक आश्लेषा. तीही पुढे वाकली होती. त्यांनी घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या खरखरीत खर्जात शांतपणे म्हणाले—

“खर्जातला सूर माझा, घशानं केला घात,
वैजयंतीचं नाव घेतो, द्याल का हाती हात?”

इंग्रज मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते गाण्यातलंच वाटलं. आमच्या मराठी बायका मात्र गाणंच विसरल्या. उखाण्यात नाव कुणाचं घेतात, हे त्यांना सांगायला नको होतं. माझी ओळ आली आणि गेली.

विंगेत ते म्हणाले, “उत्तराची घाई नाही.”

“ऑपरेशननंतर देईन.”

“आणि तेव्हा मला विचारताच आलं नाही तर?”

“तुमचं विचारून झालंय,” मी म्हणाले. “आता बोलायचं मला आहे.”

किती माणसांना मी आयुष्यभर झोपवलं. दाराबाहेर बसणं काय असतं ते ऑपरेशनच्या दिवशी कळलं. ते शुद्धीवर आले तेव्हा त्यांना बोलायची मनाई होती. मी कानाशी वाकले—

“गाठ काढली गळ्याची, जिवाची गाठ राहो,
श्रीनिवासरावांचं नाव घेते, हात दिला, अहो.”

त्यांनी माझी बोटं इतकी घट्ट धरली की नर्स हसली.

गाठ साधी निघाली. तो म्हातारा गायक आता घरी असतो. ‘ॲम्बरटोन्स’चे निळे सूट चार नवी मुलं घालतात. आश्लेषानं कार्यक्रमाच्या दिवशी विचारलं होतं, “आई, ते काय होता? पोएम?” आता ती राहते त्या मेडनहेडमधल्या लग्नांत ती स्वतः उखाणे घेते, शब्दांची लिंगं चुकवत, पण जोरात. श्रीनिवासरावांचा आवाज परत आला, पण बारीक होऊन. ते आता वरची पट्टी गातात.

माझा आवाज वयानं उतरलाय. त्यामुळे खर्ज मी धरते. मधली मोकळी जागाही माझीच... आणि तिथं काय बोलायचं, ते मी त्यांना आधी कधीच सांगत नाही.