गाबोळी

दापोड्याच्या गोदामांमध्ये जपानी हॉटेल निघालं, तेव्हा गावाने आधी पोटभर हसून घेतलं. कच्चा मासा खायला माणसं पैसे मोजतात, ही गंमत म्हाताऱ्यांना महिनाभर पुरली. भाविकने मात्र रविवारचं दुपारचं जेवण तिथेच ठरवलं. रुचिराचे आईवडील पहिल्यांदाच त्याच्या घरच्यांना भेटणार होते. गोदामांच्या भाड्यावर जगणारा म्हणजे अडाणी, असं त्यांना वाटू नये आणि लग्न जमावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

घरची म्हणजे एकटी आई, जानकीबाई. ती सकाळीच हिरवं लुगडं नेसून, मोगऱ्याचा गजरा माळून ओट्यावर बसली होती. नवी चप्पल चावते म्हणून पायात जुनीच निळी रबरी चप्पल होती, तुटलेला पट्टा यंत्रमागाच्या लाल सुताने बांधलेला.

"भाविक, त्या बाईला मी इचारीन हां, तुमचे पोरीला चिंबोऱ्या साफ कराला येतान काय," ती खुशीत म्हणाली.

रुचिराचे वडील प्रभाकरराव तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आई सुमतीबाई मराठीच्या शिक्षिका. आईने तिथे तोंड उघडलं की आपलं हसं होणार, याबद्दल भाविकला शंका नव्हती. किल्ली खिशात चाचपत तो म्हणाला, "आई, जेवण रद्द झालं. त्यांना बरं नाही. मी गोदामावर जाऊन येतो."

"बरा," आई म्हणाली. गजरा तिने काढला नाही.

हॉटेल लहान होतं. फिकट लाकूड, कागदी दिवे, आत जायच्या आधी पायऱ्यांपाशी चपला काढायच्या. पूर्वी तिथे खाडीचं खाजण होतं. त्याच खाजणाच्या चिखलात हात घालून आईने निवट्यांसारखी मासळी पकडली, विकली आणि याला शिकवलं. त्यावर भराव पडून आता गुळगुळीत फरशी झाली होती.

"आई नाही आल्या?" सुमतीबाईंनी विचारलं.

"तिला बाहेरचं चालत नाही."

"अरेरे. मी तर त्यांच्यासाठीच आले होते."

भाविकने मेनूत तोंड घातलं. वेटर मुलगी मणिपूरची होती. तिने पाच ताटल्या मांडल्या, पाचवी त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

"हम चार हैं," भाविक म्हणाला.

"वो मैडम हैं ना," ती सहज म्हणाली, "हाथ धो रही हैं."

भाविक उठून बेसिनपाशी गेला. तिथे कोणी नव्हतं. नळ चालू होता. त्याने तो बंद केला आणि कोणीतरी गंमत केली असेल असं मनाशी म्हणत परत आला. पाचव्या जागी वाफाळता चहा ठेवलेला होता.

"मोगऱ्याचा किती छान वास येतोय," सुमतीबाई म्हणाल्या.

भाविकला मोगऱ्याखाली ओल्या चिखलाचाही वास आला.

मग छोट्या वाडग्यांतून भात आला, वर केशरी चमकदार मण्यांची रास.

"माशांची अंडी आहेत, बाबा," रुचिरा म्हणाली.

"म्हणजे आपली गाबोळीच की!" प्रभाकरराव खुलले. "आमच्या घरी यावरून भांडणं व्हायची."

भाविकच्या घरी भांडण कधीच झालं नाही. आईच्या वाट्याची गाबोळी ती न बोलता उचलायची आणि त्याच्या ताटात ठेवायची. लहानपणापासून आजतागायत. ती स्वतः गाबोळी खाते का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

रुचिरा काहीतरी म्हणाली. त्याने मान वळवून उत्तर दिलं आणि पुन्हा वाडग्याकडे पाहिलं.

त्याच्या वाडग्यात गाबोळी दुप्पट झाली होती.

शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या वाडग्यात नुसता भात होता. जेवायच्या काड्या कागदी पाकिटातच होत्या. भातावर चिमटीने काहीतरी उचलल्याचे बोटांचे ठसे उमटले होते.

तेच ठसे त्याच्या गाबोळीवरही होते.

हे लोक बघतील, एवढंच त्याच्या मनात आलं. भीती नंतर आली, आधी लाज आली. त्याने कागदी रुमाल उलगडला आणि वाडगा झाकून टाकला.

"आवडलं नाही?" सुमतीबाईंनी विचारलं.

"पोट भरलं."

निघताना सगळे चपला घालायला वाकले. खालच्या फळीवर निळी रबरी चप्पल होती. पट्ट्याला लाल सूत.

रुचिराचा हात त्या चपलेशेजारच्या आपल्या सँडलकडे आला. भाविकने पायाने ती चप्पल मागे, छत्र्यांच्या डब्याआड ढकलली.

त्या क्षणी त्याला स्वतःची इतकी किळस आली की रुचिराचा निरोपही त्याला नीट घेता आला नाही.

गावात ऊन रखरखत होतं. आई ओट्यावर तशीच बसली होती, हिरव्या लुगड्यात. शेजारच्या ओट्यावर चांगदेवकाका जाळं विणत होते.

"आई कुठे गेली होती, काका?"

"कुठं जातं? तू गेलास तवाशी वयनी आठून उठली न्हाय. मीच दोनदा पानी दिला."

भाविक आईजवळ जाऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता.

"जेवलास काय रं?"

त्याने मान हलवली.

"गाबोली का टाकलीस, बाला? तुला आवडतं म्हून दिली." मग ती पुढे झुकली आणि काकांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "मी त्यांच्याम्होरं एक सबूद बोलले न्हाय, बघ. बरा केला नं?"

भाविक खाली बसला. तेव्हा त्याला तिचे पाय दिसले. तळवे तापल्या डांबराने भाजून लाल झाले होते.

"माजी चप्पल तेवढी आनशील?" आई म्हणाली.