लॅख्टचा विसावा

फेलिमकाकांनी शेगडीत पीटचं, दलदलीतल्या जळाऊ मातीचं, ढेकूळ सारलं. "हसायचं तर आत्ताच हसून घ्या. लोरकान माझ्या वर्गातला. त्याच्या तोंडून ऐकलेलं सांगतोय."

"तोच ना, जागांच्या नावांचं पुस्तक लिहिणारा?" ग्रान्यानं विचारलं.

"तोच. अख्ख्या पॅरिशमध्ये शहाणा एकटाच, असं त्याचंच म्हणणं."

लोरकानचं पुस्तक संपत आलं होतं. कुठल्या शेताला, कुठल्या वळणाला कोणतं नाव का पडलं, सगळं त्यात होतं. लॅख्टच्या वळणाबद्दल त्यानं लिहिलं होतं : 'लॅख्ट म्हणजे दगडांचा ढीग. दफनभूमीकडे जाताना पूर्वी शवपेटी इथे खांद्यावरून उतरवीत. विसाव्याला प्रत्येक जण एक दगड ठेवी.'

त्याचे वडील, म्हातारे बार्टली, ते वाचून म्हणाले होते, "पूर्वी काय रे? मला उतरवशील ना तिथं?"

"उतरवतो हो, बाबा. आधी चहा प्या, गार होतोय."

बार्टली गेले. शवपेटी मोटारीतून निघाली. लॅख्ट आलं तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं, "थांबू?"

वर पाऊस, मागे गाड्यांची रांग. लोरकान म्हणाला, "चला."

सहाव्या दिवशी, तीस नोव्हेंबरला, अंधार पडल्यावर सव्वासातला तो गावच्या हॉलवर खुर्च्या परत करायला निघाला. प्रेताजवळच्या जागरणासाठी आणलेल्या. ट्रेलरमध्ये दोरीनं आवळून बांधलेल्या. दव गोठून रस्ता पांढरा झाला होता.

लॅख्टच्या वळणावर गाडी जड झाली. इंजिन ओरडू लागलं. गाडी हलेना.

तो उतरला. दोरीच्या गाठी तशाच होत्या. पण चार खुर्च्या रस्त्यात होत्या. दोन अलीकडे, दोन पलीकडे, समोरासमोर. घरी शवपेटीखाली मांडल्या होत्या तशा.

खुर्च्या करकरल्या...

"बाबा?"



त्यानं चाचपडत एक दगड उचलला. ढिगावर ठेवला. थांबला. खुर्च्या पुन्हा करकरल्या. घरातून शवपेटी उचलली की पाडतात तशा एकेक करून आडव्या झाल्या.

आणि त्याच्या उजव्या खांद्यावर भार आला...

"मग?" ग्रान्या कुजबुजली.

"पुढचं त्याला आठवत नाही. पहाटे दफनभूमीच्या फाटकाशी मला सापडला. गाडी तिकडे वळणावरच."

फेलिमकाकांनी शेगडीतली राख सारखी केली.

"वळणापासून फाटकापर्यंत गोठलेल्या दवात पावलं होती. चौघांची. दोन पुढे, दोन मागे. बूट एकट्या लोरकानचे. बाकीचे तिघं... अनवाणी."