चिखलीला न आलेली गाडी

दार लोटून घ्या रे. कडी नका लावू, नुसतं लोटा. कडीचा काही उपयोग नसतो, ते पुढे कळेलच.

मी मास्तर माणूस, पोरांना खोटं सांगत नाही. ही गोष्ट मला खुद्द निवृत्ती घड्याळजीनं सांगितली. त्याला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. जळका होता, लबाडही होता. पण मनाचं रचून काही सांगेल, एवढं डोकं त्याला नव्हतं.

साल सहासष्ट. महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस, जेवणाचा. सकाळी नऊच्या सुमारास निवृत्ती गल्ली ओलांडून समोरच्या तानुबाईच्या घरी गेला. काम साधंच होतं. तिच्या नवऱ्याची आगगाडी एका दिवसासाठी मागून आणायची.

तानुबाईचा नवरा पुंजाजी. हा रेल्वेत सांधेवाला होता, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारा. नोकरी संपवून चिखलीला आला, आणि चिखलीला तर रेल्वेच नाही. येणार, येणार म्हणता म्हणता त्याचे केस पांढरे झाले. मग त्यानं ती घरातच आणली. आधी वर्षभर नुसती आखणी. खामगाव ते चिखली पायी चालला, वहीत एकेक वळण टिपलं. मग दोन सागवानी फळ्या जोडून त्यांवर गोल मार्ग मांडला. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून अंगठ्याएवढ्या अंतरावर रूळ केले, खाली तुरीच्या काड्यांचे स्लीपर, चुन्यात बुडवलेल्या पोत्याचा घाट. खामगाव, उंद्री, अमडापूर, चिखली, प्रत्येकाची पिवळी पाटी. सगळं झालं, पण इंजिन कशावर चालणार? तिथं निवृत्ती लागला. गजराच्या घड्याळाची स्प्रिंग काढून त्यानं इंजिनात बसवली. त्यासाठी तीन महिने दुकान अर्धं बंद ठेवलं.

दरवर्षी महालक्ष्म्यांपुढे पुंजाजीकडे ही आरास. अख्खी चिखली लोटायची. पुंजाजी तोंडानं शिट्टी घालायचा, दोन आखूड, एक लांब. मग ओरडायचा, "लाइन क्लिअर!" आणि गाडी सुटायची. कोणी विचारलं, गाडी कोणी बनवली, की छातीवर हात. "म्या!" निवृत्ती मागेच उभा असायचा. सात वर्षांत स्प्रिंगचं नाव एकदाही निघालं नाही.

मी निवृत्तीची बाजू घेत नाही. पण समोरच्या दारात चपलांचा ढीग आणि आपल्या दारात चिटपाखरू नाही, हे सात वर्षं बघून बघा. सणाची पुरणपोळीसुद्धा त्याला कडू लागायची.

त्या आषाढात पुंजाजी गेला. वर्ष पाळायचं म्हणून त्याच्या घरी महालक्ष्म्या बसल्या नाहीत.

"वहिनी, गाडी एक रोज मले द्या," निवृत्ती म्हणाला. "दादाची आठवन म्हनून मांडतो."

तानुबाईनं भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मरतानी ते म्हनत होते, निवृत्तीले गाडी देजो नको. तो माही गाडी घेऊन टाकीन." तिनं डोळ्याला पदर लावला. "पन सणाचं नाही कसं म्हनू? न्या. फक्त रात्री आनून द्याजा. त्यायले गाडी परक्याच्या घरी राह्यलेली खपत नव्हती."

"देतो न वहिनी. दिवे विझले का आनतो."

संध्याकाळी निवृत्तीच्या दारात पहिल्यांदा चपलांचा ढीग झाला. त्याची बायको केसरबाई हळदीकुंकू लावून दमली. गाडी खामगावहून सुटायची, घाट चढायची, चिखलीवरून फिरून परत यायची. निवृत्तीचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मीही होतो तिथं. कोणीतरी विचारलं, कोणी बनवली?

निवृत्तीनं छातीवर हात ठेवला. "म्या. पयल्यापासून शेवटपर्यंत म्याच."

गाडी चिखलीच्या पाटीपाशी थांबली.

त्यानं चावी दिली. बोटानं ढकललं. तेल सोडलं. नाही. लोक उभे राहून कंटाळले. जाताना शेषराव वाणी म्हणाला, "पुंजाजीची गाडी अशी थांबत नव्हती बे." निवृत्तीच्या अंगाची लाही लाही झाली.

रात्री दहाला केसरबाई म्हणाली, "द्या न आता नेऊन. समोर दिवा दिसून राह्यला. बाई वाट पाह्यत असन."

"उद्या," निवृत्ती म्हणाला. "अशी बंद नेली त म्या हारलो."

समोरचा दिवा अकराला विझला.

केसरबाई झोपली. निवृत्तीनं कंदील जवळ ओढला आणि इंजिन उघडलं. चाकं मोकळी. दाते साफ. स्प्रिंग पूर्ण भरलेली. घड्याळजीला विचारा, भरलेली स्प्रिंग थांबत नसते. तिला कोणीतरी धरून ठेवावं लागतं... त्यानं सगळं परत बसवलं, इंजिन रुळावर ठेवलं आणि बघत बसला.

भिंतीवर दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं होती. घरात सतत टिकटिक. त्याला ती ऐकूही येत नसे, इतकी सवयीची.

ती त्याला ऐकू आली, कारण ती थांबली.

अकराच्या अकरा. एक वाजून पन्नास मिनिटांवर.

मग अंगणातून...

शिट्टी. दोन आखूड.

...एक लांब.

तो हलला नाही. महालक्ष्म्यांपुढची समई तेवत होती. ज्योत सरळ. वारा नाही. काही नाही.

आणि अगदी दाराशी, हळू आवाजात, म्हाताऱ्या माणसाचा घसा...

"लाइन क्लिअर."

गाडी सुटली.

घाट चढली. अमडापूर गेलं. चिखलीला आली. वळली नाही. रूळ सोडला. फळीच्या कडेवरून खाली... आवाज झाला नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीवरून चालू लागली. महालक्ष्मीसाठी काढलेल्या कुंकवाच्या पावलांवरून. आत येणाऱ्या पावलांवरून, उलटी, बाहेर.

इथं दुसऱ्या कोणीही रामाचं नाव घेतलं असतं. निवृत्तीनं काय केलं? हात पुढं केला. धरायला.

"स्प्रिंग माही हाय," तो म्हणाला.

गाडी थांबली नाही...

हात तसाच राहिला. बोटांत काही आलं नाही. दाराला कडी होती. उंबऱ्यावर लाकूड करकरलं. मग गल्लीत, दूर जाणारी, बारीक टिकटिक.

उजाडल्यावर तानुबाई दारात आली. "भाऊ, अर्ध्या रात्री काऊन आनून ठेवली? आनि घरात आले कसे? कडी त आतून होती."

इंजिन तिच्या देवळीत होतं, नेहमीच्या जागी. चाकं कुंकवानं लाल.

ही बातमी काय लपते? दुपारपर्यंत सगळी चिखली इंजिन पाहायला लोटली. पुंजाजीच्या दारात. दुखवट्याच्या घरी, आरास नाही, दिवा नाही, आणि चपलांचा ढीग गल्लीच्या तोंडापर्यंत. निवृत्तीच्या दारात त्या संध्याकाळी मी एकटा बसलो होतो.

मी त्याला विचारलं, लई घाबरला असशील? तो समोरच्या गर्दीकडे बघत होता. म्हणाला, "भेव कायचं, मास्तर? जळलो म्या. मेला तरी लोक त्याच्याच दारात."

आता निवृत्ती नाही, तानुबाई नाही. गाडीही कुठं गेली कोण जाणे. निवृत्तीचं घर मात्र आहे. मागच्या महालक्ष्म्यांना मी तिथं जेवायला गेलो होतो. त्याचा उंबरा जुन्या सागाचा, बैलगाडी गेली तरी ओरखडा उठणार नाही असा. त्याच्यावर दोन बारीक खाचा आहेत, आतून बाहेर गेलेल्या. मी त्यांच्यातलं अंतर बोटांनी मोजलं. अंगठ्याएवढं. सून उंबऱ्याला कुंकू लावत होती. म्हणाली, "मास्तर, कुठंबी लावलं तरी कुंकू पयले ह्या दोन रेघांतच जाऊन बसते."