एका दिवसाचा परवाना

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी ठीक नऊ वाजता व्हर्ना हौतालानं संगणकाची कळ दाबली, आणि आयडा तळ्याकडे जायचा परवाना एकदाचा तिच्या पदरात पडला. उत्तर मिनेसोटाच्या त्या रानात या वाटेनं दिवसाला एकच टोळी आत सोडतात. एकच! नऊ वाजून दोन मिनिटांनी अख्खा मे महिना संपलेला असतो आणि उरलेले लोक हात चोळत बसतात. सहा वर्षं व्हर्ना त्या उरलेल्यांतली होती.

जायचं होतं ते तिच्या थोरल्या भावासाठी. आर्वोनं तरुणपणी आयडा तळ्यात एक ट्राउट गळाला लावून घालवला होता, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तो मासा अर्ध्या वितीनं वाढत होता. आता आर्वो अठ्ठावन्न वर्षांचा होता. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याचं कशातच मन लागत नव्हतं. बर्फ वितळल्यावर दोन-तीन आठवडेच ते मोठे मासे वर येतात, म्हणून तारीख घेतली चौदा मे.

शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्नाला वेळापत्रकाची सवय होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं नकाशा पसरला. रानात पत्र्याचे डबे आणि बाटल्या न्यायला बंदी, म्हणून घेवडा पिशव्यांत भरला. तळ्यातळ्यांमधल्या पायवाटांवर होडी डोक्यावर घेऊन चालावं लागतं. प्रत्येक वाट एकाच खेपेत संपवायची असा आर्वोचा हट्ट होता, म्हणून ओझं कमी करताना निम्मं सामान गळालं. शेवटी संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र आर्वोनं स्वतःच पिशवीतून बाहेर काढलं.

"हे कशाला? तुझी बस पंक्चर होणार आहे का तिथं?"

"राहू दे की. पावशेराचं तर आहे."

"अगं, यंत्र घेऊनच जायचं तर घरी बसून टीव्ही बघू. वेलदोड्याचा पाव घे त्यापेक्षा."

पाव आत गेला, यंत्र कपाटात गेलं.

चौदा तारखेला सकाळी वनखात्याच्या कचेरीबाहेर गारठलेला पाऊस आडवा मारत होता. मार्गिट नावाच्या तरुण रेंजर बाईनं नेहमीचे प्रश्न विचारले. माणसं किती, होड्या किती, शेकोटी कुठं पेटवायची, ओलं झाड तोडायचं का? व्हर्नानं सगळी उत्तरं घडाघडा दिली आणि टोळीप्रमुख म्हणून सही केली.

"हा कागद आजच्यापुरता," मार्गिट म्हणाली. "आज आत शिरलात तर हवे तितके दिवस राहा. उद्या आलात तर मला सोडता येणार नाही."

"आणि हवा?"

"हवेचं मी काय सांगू? दोन दिवस काही बरी दिसत नाही. तुमचं तुम्ही बघा."

"थोडी ओली आहे इतकंच," आर्वो म्हणाला.

इथली माणसं अशीच! छप्पर उडालं तरी म्हणतील, वारा जरा सुटलाय. व्हर्नाला खिडकीतून बाहेरच्या तळ्यावरच्या लाटा दिसत होत्या. पण हातात कागद होता, आणि कागदावर आजची तारीख होती. सहा वर्षांनी मिळालेला दिवस कोण फुकट घालवतं? तिनं पिशवी उचलली.

पहिला दिवस कसाबसा निभावला. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतत, पडलेल्या झाडांवरून होडी सरकवत त्यांनी तीन वाटा पार केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी झाडांमधून आयडा तळं दिसलं. लांबच लांब पसरलेलं, काळंशार पाणी. पलीकडच्या काठावर सावलीच्या कपारींत अजून बर्फाचे तुकडे अडकलेले. आणि माणसाचा मागमूस नाही. आर्वोचे डोळे भरून आले होते, हे व्हर्नानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आधी मुक्काम टाकू," ती म्हणाली. "सामान उतरवू, मग गळ."

"जाता जाता दोरा सोडतो नुसता. तू वल्हव."

भरलेल्या होडीतून, वारा वाढत असताना त्यानं दोरा सोडला. आणि तळ्याच्या मध्यावर काठी कमानीसारखी वाकली!

"लागला! व्हर्ना, लागला गं!"

होडी गर्रकन वळली. मासा खोल पाण्यात धावत होता आणि होडीला लाटांच्या आडवं ओढत होता. पहिली लाट काठावरून आत आली. दुसरी व्हर्नाच्या मांडीवर.

"दोरा काप!"

"थांब जरा!"

"आर्वो, काप म्हणते ना! काप!"

त्यानं कापला नाही. तो त्या बाजूला झुकला. तिसरी लाट आली आणि होडी उलटली!

त्या पाण्यानं श्वासच बंद केला. छाती आवळली, तोंड उघडलं, आवाज फुटेना. व्हर्नानं उलटी होडी धरली. एक पिशवी हाताला लागली, खांद्यात अडकवली. दुसरी, अन्नाची, बघता बघता दूर गेली. आर्वो होडीच्या दुसऱ्या टोकाला लटकला होता. वाऱ्यानंच त्यांना काठाकडे ढकललं. पण काठ म्हणजे नुसते खडक. लाटेनं होडी उचलली आणि आर्वोच्या पायावर आपटली. हाड मोडल्याचा आवाज व्हर्नाला लाटांच्या गर्जनेतही ऐकू आला.

तिनं त्याला काखेत धरून वर ओढलं. तो भला दांडगा माणूस. एरवी तिच्यानं हललाही नसता. पिशवीत एक ताडपत्री होती, एक झोपायची पिशवी, चिकटपट्टीचं भेंडोळं आणि रबरी वेष्टणातल्या आगकाड्या. बर्च झाडाच्या सालीवर चौथी काडी पेटली. वाहून आलेल्या दोन फांद्या तिनं त्याच्या नडगीच्या दोन्ही बाजूंना बांधल्या. तो ओरडला नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

रात्रभर ती लाकडं शोधत राहिली. सकाळी आर्वोचं थरथरणं थांबलं होतं. हे चांगलं लक्षण नव्हे, हे तिला माहीत होतं. तो अडखळत काहीबाही बोलत होता, तिला आईच्या नावानं हाक मारत होता.

व्हर्नानं हिशेब मांडला. घरी त्यांची वाट बघणार वीस तारखेला; आज सोळा. या वाटेनं दिवसाला एक टोळी. पंधराची टोळी यायला हवी होती, पण या हवेत ती घरीच बसली असणार. आजची निघाली तरी इथं पोचायला उद्याची दुपार. म्हणजे मागून कोणी नाही. उरली तेराची टोळी. ते लोक आधीच आत शिरले होते आणि कदाचित याच तळ्यावरून पुढे जाणार होते. ते गेले की संपलं!

आणि ते आले. नऊच्या सुमारास हिरवी होडी पलीकडच्या टोकाकडून येताना दिसली. दोन माणसं. व्हर्ना खडकावर धावली, घसरली, उठली. तिनं दोन्ही हात हलवले, घसा फाटेपर्यंत ओरडली. वारा त्यांच्याकडून तिच्याकडे होता. हाक तिच्याच तोंडावर परत येत होती.

पुढचा माणूस थांबला. त्यानं बघितलं. मग वल्हं उंच करून छानपैकी हलवलं. मागच्यानंही हलवलं. आणि दोघांनी होडी पार दुसऱ्या काठाला घेतली!

व्हर्ना तशीच उभी राहिली. ती त्यांना दोष तरी काय देणार? रानात कुणाच्या मुक्कामाजवळून जायचं नाही, दुसऱ्याच्या एकांतात लुडबुड करायची नाही, ही इथली रीत. तिनंही आयुष्यभर असंच केलं होतं. कोणी हात हलवला की आपण हलवायचा आणि तोंड फिरवायचं. आता त्या सभ्यपणाला तिनं मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, ज्या तिनं बसमधल्या सर्वांत वांड पोरालाही कधी घातल्या नव्हत्या.

हिरवी होडी पूर्वेच्या टोकाला गेली आणि झाडांत दिसेनाशी झाली. तिकडे पुढच्या तळ्याची पायवाट होती. म्हणजे सामान वाहताना ते थोडे तरी रेंगाळणार.

ती आर्वोजवळ परतली. मग तिनं तो विचार केला, जो सकाळपासून टाळत होती. इथं थांबलं तर तो तिच्या डोळ्यांसमोर जाईल. गेलं तर कदाचित एकटाच जाईल.

"आर्वो, ऐक. मी त्यांच्या मागं जातेय."

त्याचे डोळे क्षणभर स्थिर झाले. "होडी... फुटलीय."

"चिकटपट्टी लावते. एक वल्हं वाहून आलंय काठाला."

"बुडशील, गाढवे."

"तू शेकोटी विझू दिलीस तर परत येऊन चोपीन."

लाकडं जेमतेम दोन तासांची होती. म्हणून तिनं जवळचा एक जिवंत सेडर हातांनी ओरबाडला, फांद्या मोडल्या, त्याच्या हाताशी ढीग घातला. ओल्या झाडाला हात लावू नये! सगळे नियम तिला पाठ होते आणि आज एकही आठवायचा नव्हता. तिनं त्याच्या कपाळावर ओठ टेकले. त्या घरात असं कोणी कधी करत नसे. आणि ती निघाली.

एकटं माणूस मागं बसलं की रिकाम्या होडीचं तोंड वर उचलतं आणि वारा ते भिरभिरवतो. म्हणून तिनं पुढं दगड भरले. तरी वारा ऐकेना. दहा वेळा वल्हं मारायचं, गळणारं पाणी टोपीनं उपसायचं, पुन्हा दहा वेळा. निम्म्या वाटेत पट्टी सुटली. तिनं फटीवर टाच दाबून धरली. हात बधिर झाले. एकदा मागं वळून पाहिलं. धूर बारीक दिसत होता. पुन्हा वळून पाहायचं धैर्य तिला झालं नाही.

काठ लागला तेव्हा होडी घोट्याच्या वर भरली होती. व्हर्ना पायवाटेवरून धावत सुटली. पडली. धावली. दुसऱ्या टोकाला हिरवी होडी पाण्यात होती. साठीचं जोडपं काठावरच जेवण उरकून निघायच्या बेतात होतं, ओरिन आणि त्याची बायको लॉइस. अंगावरून पाणी ठिबकत असलेली व्हर्ना समोर उभी राहिली आणि काय म्हणाली?

"माफ करा हं, तुम्हाला त्रास देतेय..."

मग तिचा बांध फुटला. "माझा भाऊ मरतोय तिकडे! तुम्ही हात हलवून निघून गेलात!"

लॉइसच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "अरे देवा! आम्हाला वाटलं, तुम्ही नुसतं बरंय ना म्हणताय. मासे धरताय, मध्ये कशाला जायचं..."

ओरिन बोलण्यात वेळ घालवणाऱ्यांतला नव्हता. त्यानं पिशवीतून संदेश पाठवायचं यंत्र काढलं, बटण दाबलं आणि होडी डोक्यावर घेतली. "चला. विमान येईल तेव्हा येईल. वल्ही आम्ही मारतो, तुम्ही मध्ये बसा."

मध्ये बसणं हीच खरी शिक्षा होती. हाताला काम नाही आणि समोर तो काठ. धूर दिसत नव्हता. व्हर्ना बघत राहिली, डोळे फाडून बघत राहिली. धूर नव्हताच. ती निघून पाच तास झाले होते.

"आर्वो!"

उत्तर नाही. होडी टेकायच्या आत तिनं कंबरभर पाण्यात उडी टाकली.

तो ताडपत्रीखाली मुठीएवढ्या निखाऱ्यांना कवटाळून पडला होता. ढिगातली काडीही उरली नव्हती. त्याच्या नडगीच्या दोन्ही फांद्या गायब होत्या. त्यानं बांध सोडून, मोडलेला पाय तसाच ठेवून, त्या जाळल्या होत्या. मोजेही जाळले होते. उघडे पाय राखाडी पडले होते.

"आर्वो, अरे मी आले."

पापण्या हलल्या. "इतका... वेळ?"

"मूर्खा! गाढवा! एका माशासाठी!" ती रडत रडत ओरडत होती. "कापायला सांगितलं होतं ना मी!"

"हो." त्यानं तिची बाही चिमटीत धरली. "तू गेल्यावर... भ्यालो होतो गं मी."

अठ्ठावन्न वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. ओरिननं शेकोटी धडाडून पेटवली, लॉइसनं कोरडी पांघरुणं आणली, मोडलेल्या पायाला दोन वल्ही बांधली. व्हर्ना दुसऱ्या बाजूला बसली. तिनं सदरा वर केला आणि चांगल्या पायाचा तळवा स्वतःच्या उघड्या पोटावर दाबून धरला. गारठा काळजापर्यंत गेला. तिनं दात आवळले आणि धरून ठेवलं. मग वाकून दुसऱ्या पायाची बोटं काखेत घेतली.

ढग फाटले तेव्हा विमानाची घरघर आली. ते पाण्यावर उतरलं. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन खडकांवरून धावत आली. एकानं आर्वोची नाडी धरली, डोळ्यांत दिवा मारला आणि मान डोलावली. "आहे. चांगली आहे. बाई, आता सोडा."

व्हर्ना हलली नाही.

"बाई, पाय सोडा. आम्हाला उचलू द्या."

"आधी तुम्ही धरा," ती म्हणाली, "मग मी सोडते."