गार्गीच्या हाताचा स्नायुलेख

शाळा सुटली की ध्वजपथकाच्या मुली मैदानावर यायच्या आणि झेंडे हातात घेण्याआधी राखाडी, अंगाला घट्ट बसणाऱ्या बाह्या चढवायच्या. मनगटापासून दंडापर्यंत. मग खैरमोडे मॅडम फोनवर बोट ठेवायच्या आणि साऱ्यांच्या काठ्या एकाच वेळी, एकाच तिरक्या कोनात वर उठायच्या. निळ्यापिवळ्या झेंड्यांची अशी लाट उठायची की बार्शीच्या रस्त्यावरून जाणारी माणसं कुंपणाशी थांबून बघायची.

नववीतल्या तहसीन मुलाणीनंही ते कुंपणाबाहेरूनच पाहिलं होतं. पथकात नाव द्यायला ती आली, तेव्हा मॅडमनी तिला एक बाही दिली.

"ही आधी गार्गीनं घातली होती," मॅडम म्हणाल्या. "ती काठी फिरवते तेव्हा मेंदूकडून तिच्या स्नायूंना विजेचे बारीक इशारे जातात. बाही ते टिपून ठेवते. त्या नोंदीला स्नायुलेख म्हणायचं. आता तोच लेख तुझ्या हातात सोडते. थोड्या झिणझिण्या येतील. हात ताठ धरू नकोस, त्याला जाऊ दे."

झिणझिण्या आल्या. डावा हात सुरेख वळला, उजवा मात्र कोपरापाशी अडून नुसता थरथरला. मॅडमनी बाही काढून पाहिली. तहसीनच्या उजव्या हातावर मोठा, सुरकुतलेला व्रण होता.

"लहानपणी उकळतं दूध सांडलं होतं," तहसीन म्हणाली.

"भाजलेल्या कातडीतून इशारे पोचत नाहीत गं." मॅडमना वाईट वाटलेलं दिसत होतं. "आणि संचलनाची स्पर्धा तोंडावर आलीय. बाहीशिवाय इतक्यात कसं जमणार?"

तहसीन त्या दिवशी घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि बाजूला उभी राहून घरच्या झाडूची काठी फिरवू लागली. ती काठी तिच्या डोक्यात बसली, तेव्हा पथकाची प्रमुख, दहावीतली गार्गी ढावरे, हसत तिच्याजवळ आली.

"असं नाही. अंगठा आत घे. सराव संपल्यावर थांबशील? मी दाखवते."

मग दोघी रोज थांबू लागल्या. गार्गी तिच्यामागे उभी राहायची, तिची मनगटं धरून सावकाश फिरवायची आणि तोंडानं ताशाचा ठेका धरायची. तहसीन चुकली की गार्गी तिला टपली मारायची. बरोबर आलं की तहसीनच्या अम्मीनं डब्यात दिलेला शिरा हक्कानं अर्धा संपवायची. हळूहळू तहसीनला सगळं जमू लागलं. काठी उंच फेकून झेलणं तेवढं जमेना.

"ताई, एक विचारू?" एका संध्याकाळी ती म्हणाली. "झेलायच्या जरा आधी तू मनगट खाली सोडतेस आणि काठी थोडी घसरू देतेस. मी केव्हापासून तसं करायला बघतेय, येतच नाही. ते का करायचं असतं?"

"मी कुठे सोडते?"

"सोडतेस की. सगळ्याच सोडतात."

गार्गीनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती सरावात उतरली नाही. पाय मुरगळल्याचं सांगून पायरीवर बसली आणि पथकाकडे बघत राहिली. झेंडे वर गेले, आकाशात फिरले, खाली आले, आणि ओळीतल्या प्रत्येक मुलीचं उजवं मनगट किंचित खचलं. काठी बोटभर घसरली आणि मग पकडीत आली. पथकातल्या सर्वांत लहान पल्लवीचं मनगटसुद्धा तसंच खचलं.

मुली गेल्यावर गार्गी तहसीनला म्हणाली, "ते शिकू नकोस. ते शिकवायचं नव्हतंच." तिनं उजवा हात पुढे केला. "दिवाळीपासून ही शेवटची दोन बोटं बधिर होतात. काठी हातात आलेली कळत नाही. म्हणून घसरू देते आणि बाकीच्या बोटांनी पकडते. आपण हे करतो, हे मलाही नीट ठाऊक नव्हतं."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं तर पथक बंद होईल माझं."

तहसीननं तिची ती दोन बोटं आपल्या मुठीत घेतली. "उद्या मॅडमना तू सांग. नाहीतर मी सांगेन. मग खुशाल बोलू नकोस माझ्याशी."

गार्गीनं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी स्नायुलेखाची आलेखरेषा पडद्यावर मोठी करून पाहिली. झेलण्याच्या क्षणी कोपराखालचा इशारा खरोखरच क्षीण झाला होता. इतके दिवस त्यांनी ती रेषा पाहिली होती, पण सगळ्यांच्या काठ्या एकसारख्या फिरतात यावरच त्या खूश होत्या. त्याच आठवड्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोपरापाशी नस दबली आहे. आणखी वर्ष गेलं असतं तर हाताचे स्नायू कायमचे वाळले असते. छोटी शस्त्रक्रिया पुरेशी होती.

संचलनाआधी मॅडमनी बाह्या कपाटात ठेवल्या. मुलींना ती खचणारी लकब हातातून काढायची होती आणि बाहीशिवाय झेलू शकणारी मुलगी एकच होती. मनगट सोडायचा नाद सोडल्यापासून झेलणं जमू लागलेली तहसीन पुढे उभी राहिली. हाताला पट्टी बांधलेली गार्गी शेजारी उभी राहून ठेका धरू लागली. पहिल्या दिवशी काठ्यांचा नुसता पाऊस पडला. शेवटच्या दिवशीही काही पडल्या. संचलनात त्यांचा क्रमांक आला नाही, झेंडे मागेपुढे झाले. पण परतीच्या बसमध्ये मुली गात होत्या, आणि मॅडमही गात होत्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर गार्गीचा हात पूर्ण बरा झाला. दहावी संपवून तिनं शाळा सोडली होती, तरी नव्या पथकासाठी ताजा स्नायुलेख द्यायला मॅडमनी तिला बोलावलं. ती बाही चढवत असताना पल्लवी म्हणाली, "ताई, तेव्हा ना, काठी वर गेली की मला उगाच धडधडायचं. बाही काढल्यावर थांबलं ते."

"मलाही," दुसरी म्हणाली.

गार्गीनं मॅडमकडे पाहिलं. "मला तेव्हा रोज भीती वाटायची. आज काठी पडणार, आज सगळ्यांना कळणार."

"यंत्र फक्त स्नायू वाचतं," मॅडम म्हणाल्या. "भीती त्यात येत नाही." पण त्या हे सावकाश म्हणाल्या, आणि पुढे बराच वेळ बाहीची कड नुसती चाचपत राहिल्या.

"मला तर बाही नव्हतीच," तहसीन म्हणाली. "तरी धडधडायचं."

"ती तुझी स्वतःची भीती. ती तुझ्याकडेच ठेव," गार्गी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग गार्गी मैदानाच्या मध्यावर गेली. तिनं काठी उचलली, पाचही बोटं तिच्याभोवती एकेक करून मिटली आणि क्षणभर ती तशीच थांबली.

"मॅडम," ती म्हणाली, "आज मला अजिबात भीती वाटत नाहीये. हे यांच्या हातात उतरेल?"