मिस लॉटीचं नाणं

"कसंही करून त्या सुपरवायझरला ऑफिसात अडकवून ठेव," सावनीनं धाकट्या भावाला बजावलं. "किचनबद्दल विचार. आईला घर घ्यायचंय म्हण."

"मला किचनमधलं काय कळतं?" वेदांतनं तोंड वाकडं केलं. पण गेला बिचारा. दहा वर्षांच्या मुलाला गुप्त कामगिरी मिळाली की तो कुरकुरतो, पण जातोच.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मिस लॉटीसाठी. २००६ सालची उन्हाळ्याची सुट्टी, गाव अमेरिकेतलं अल्फारेटा. सावनीच्या घरामागच्या मोकळ्या जमिनीवर बिल्डरनं झाडं पाडून लालभडक माती उघडी केली होती. सोमवारी तिथं बुलडोझर फिरणार होता. आणि पलीकडच्या जुन्या लाकडी घरातली मिस लॉटी, ऐंशीकडे झुकलेली, रोज सकाळी तिथं यायची. जिथलं पेकानचं, म्हणजे अक्रोडासारख्या फळाचं, मोठं झाड मुळासकट उपटलं होतं त्या खड्ड्याभोवती काठीनं माती टोकरत बसायची. सुपरवायझर आला की तिला हाकलायचा.

आई म्हणाली, तिचं डोकं फिरलंय, तिकडं फिरकू नका. बाबा म्हणाले, एकटी माणसं अशीच होतात. झालं! आईबाबांनी असं म्हटल्यावर सावनी, वेदांत आणि शेजारचा यश यांची खात्रीच पटली की तिथं खजिना आहे. तिघांनी तर्क लढवले, नकाशा काढला, मिस लॉटीवर पाळत ठेवली. समोर जाऊन तिला विचारावं, हे मात्र तिघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. विचारलं असतं तर मजा गेली असती ना.

यशच्या बाबांकडे, म्हणजे यतीनकाकांकडे, मेटल डिटेक्टर होता. रविवारी ते तो घेऊन रानोमाळ हिंडत आणि काकूंची बोलणी खात. त्यांनी मशीन दिलं, पण सोबत भलंमोठं लेक्चरही दिलं. खणलेला खड्डा बुजवायचा. सापडलेलं नाणं तिथल्या तिथं घासायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणायचं. यश हे सगळं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवायचा.

तिकडे वेदांतनं कमाल केली. त्यानं सुपरवायझरला आधी ग्रॅनाइटचे रंग विचारले, मग देवघर पूर्वेला बसेल का, असं विचारलं. देवघर म्हणजे काय हे त्या माणसाला समजावून देण्यातच पुष्कळ वेळ गेला. मग त्या बिचाऱ्यानं नकाशे पसरले आणि तो पूर्व शोधायला लागला.

इकडे खड्ड्याच्या काठाशी डिटेक्टर किंचाळला. यशनं खणलं. मातीचा एक गोळा निघाला आणि तो फोडल्यावर आत हिरवं पडलेलं एक जाड नाणं. हल्लीच्या पेनीहून कितीतरी मोठं.

"तांबं आहे, यार," यश कुजबुजला.

सावनीनं अंगठ्यानं माती पुसली. एका बाजूला पुसटशी आकृती होती. दुसरी बाजू झिजून सपाट झाली होती आणि तिच्यावर बारीक, तिरक्या रेघा होत्या. किती चरे पडलेत, तिला वाटलं. अशा अवतारात हे कोणाला दाखवायचं?

आता, तांबं घासण्यात सावनीचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. दर शनिवारी देवाची भांडी चिंच-मीठ लावून तीच लख्ख करायची आणि आई आल्यागेल्याला तिचं कौतुक सांगायची. आज शनिवारच होता आणि खिशात नागपूरहून आलेल्या चिंचेच्या गोळ्या होत्या.

"अगं, बाबांनी घासू नको म्हणून सांगितलंय," यश म्हणाला.

"तुझ्या बाबांनी कधी एक तांब्या तरी घासलाय का?"

हे खरं असल्यामुळे यशनं पाण्याची बाटली पुढे केली. सावनीनं गोळी चुरडली, बाटलीतलं पाणी घातलं. हिरवा थर भराभर सुटला. रेघा मात्र जाईनात, म्हणून तिनं चिमूटभर वाळू घेतली. जिथं रेघा होत्या तिथंच तिनं जास्त जोर लावला. नाणं नव्या कळशीसारखं झळकायला लागलं.

लाल मातीनं माखलेली तिघं घरी आली तेव्हा आई आधी ओरडली, मग नाणं बघून विरघळली. बाबा म्हणाले, मानलं तुम्हाला. यतीनकाकांनी मात्र नाणं उलटसुलट करून बघितलं आणि हळूच म्हणाले, "घरी आणायचं होतं गं, सावनी." पण ते कोणाच्या कानावर गेलं नाही, कारण सगळे मिस लॉटीकडे निघाले होते.

नाणं बघताच मिस लॉटीनं ते हातात घेतलं. मग तिनं सांगितलं. तिला रूफस नावाचा मोठा भाऊ होता. युद्धावर जायच्या आदल्या दिवशी त्यानं आजोबांच्या नाण्याच्या गुळगुळीत बाजूवर खिळ्यानं काहीतरी कोरलं, तिला न दाखवता. दोघांनी ते पेकानखाली पुरलं. परत आलो की आपण दोघं मिळून काढू, तेव्हा वाच, असं म्हणून तो गेला. तो आला नाही. त्याच्याशिवाय उकरायला तिचा हात धजला नाही, आणि झाड होतं तोवर जागाही कुठं पळून जात नव्हती. मग बिल्डरनं झाडच उपटलं.

तिनं चष्मा लावला आणि नाणं खिडकीच्या उजेडात धरलं. सपाट बाजूभर वाळूच्या शेकडो रेघा होत्या, आडव्या, उभ्या, गोल.

"यातल्या त्याच्या कुठल्या?" तिनं विचारलं.

सावनीनं नाण्याकडे पाहिलं. "होत्या," ती म्हणाली. "आधी होत्या. मला वाटलं चरे आहेत. मी घासल्या."

मिस लॉटी पुढे वाकली. "पण तू बघितल्यास ना? काय लिहिलं होतं, बाळ?"

सावनीनं डोळे मिटले. खूप आठवून बघितलं. पहिलं अक्षर तरी, नुसता आकार तरी. पण त्या रेघांकडे तिनं पाहिलं होतं ते कुठं घासायचं एवढ्याचसाठी. तिला रडू फुटलं. "नाही आठवत," ती म्हणाली. "सॉरी. मला नाही आठवत."

मिस लॉटीनं तिला जवळ ओढलं. बिल्डरला सांगितलं, चर्चमधल्या लोकांना सांगितलं, कोणी आलं नाही, असं ती म्हणाली. "तू शोधलंस. गुणाची पोर आहेस."

आईनं डोळे पुसले आणि मान हलवली. बाबांनी पाठ थोपटली. सावनीला तो हात नकोसा झाला. यापेक्षा कोणीतरी सणसणीत रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मिस लॉटीनं नाणं पुन्हा डोळ्यांजवळ धरलं आणि एका कडेपासून एकेक रेघ बघायला सुरुवात केली.