पोलादाला लागलेलं

प्लॅस्टिक पोलादावर घासत राहिलं, की त्याचा पातळ थर पोलादाला चिकटतो. मग प्लॅस्टिक प्लॅस्टिकवरच घसरतं आणि झीज कमी होते. चेन्नईजवळ तांबरमच्या आमच्या प्रयोगशाळेत हा थर तपासणं माझं काम, आणि त्याचं रासायनिक पृथक्करण त्रिपुरसुंदरीचं. ती तंजावरची मराठी. थर 'बसला' असं न म्हणता 'लागला' म्हणायची, आणि मी त्यावरून तिला चिडवायचो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घासण्याच्या यंत्राच्या पोलादी चकतीवर चंदनाचा टिळा दिसला. आमच्या पुण्याकडे यंत्रांची पूजा दसऱ्यालाच, त्यामुळे कोणाचा तरी हा आगाऊपणा असं वाटून मी चडफडलो. टिळा अंगठ्याने पुसला आणि यंत्र चालू केलं.

"आज आयुधपूजा, सार," त्रिपुरसुंदरी दारातून म्हणाली. "पूजेच्या यंत्रास उद्यापर्यंत हात लावू नये. लागेल."

"लागू दे की. थर लागायलाच हवा."

ती हसली नाही.

थर लागला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात वळणावळणाच्या रेघा दिसल्या. अंगठ्याचा ठसा. मी चकती ॲसिटोनने पुसली, नव्याने पॉलिश केली. ठसा परत आला, आधीपेक्षा ठळक. त्रिपुरसुंदरीच्या तपासणीत निव्वळ प्लॅस्टिक निघालं, घामाचा मागमूस नाही. मला चैन पडेना.

मग फाटकावरचं हजेरीचं यंत्र माझा अंगठा ओळखेना. उजेडात धरून पाहिला, तर गुळगुळीत. चहाचा पेला हातातून निसटायला लागला. घराची किल्लीसुद्धा.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही टी. नगरच्या बाजारात गेलो. गर्दीत मी सावनीचा, माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा, हात घट्ट धरला होता. तरी तो निसटत होता.

"बाबा, धर ना."

"धरलाय गं."

"नाही. तुझा हात लागतच नाही."

पुढच्याच लोंढ्यात ती दिसेनाशी झाली. मी वेड्यासारखा हाका मारत फिरलो. एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर ती रडत बसलेली सापडली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तिला छातीशी कवटाळूनच घरी आणलं.

सोमवारी चकती पाहिली.

माझ्या ठशाशेजारी दुसरा ठसा लागला होता. लहानसा.

संध्याकाळी सावनी अभ्यासाला बसली. पेन्सिल उचलायची, आणि ती निसटायची.